नाल्याची पायी पाहणी करणारा ड्रायव्हर

वैशालीचा फोन आला तेव्हा मी वाशीमला चष्म्याच्या दुकानात एक डोळा झाकून समोरची अक्षरं वाचत होतो. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. सकाळी चहा घेतला, पेपर मागितला, आणि पेपर हातात येईपर्यंत... डॉक्टरला काही करायची संधीसुद्धा दिगंबरनं दिली नाही. दुकानदार विचारत होता, "काका, खालची ओळ दिसून राह्यली का?" मला वरचीही दिसत नव्हती. तेवीस वर्षं दिगंबर एसटीच्या लाल गाडीचा ड्रायव्हर होता आणि मी त्याच्या गाडीवरचा कंडक्टर. गेलेल्या माणसाबद्दल गोड बोलायची रीत आहे, पण मी खरं सांगतो, हा माणूस महाकटकट्या होता. गाडी सुटायच्या आधी दोन वेळा तिच्याभोवती फिरणार, प्रत्येक टायरला लाथ मारणार, ब्रेक दाबून पाहणार. प्रवासी बोंबलायचे आणि शिव्या मी खायचो. निवृत्तीच्या दिवशी मला वाटलं, सुटलो एकदाचा.

पण त्याला वैशाली होती. एकुलती एक लेक. कॉलेज झाल्यावर ती उत्तरेकडे, पहाडातल्या नदीवरच्या एका कॅम्पवर गेली. फेसाळत्या पाण्यातून रबरी बोट वल्हवत कशी न्यायची, हे ती तिथं लोकांना शिकवते. आमच्या गावाला, शेलूबाजारपासून जीपनं अर्ध्या तासावरच्या गावाला, हे काही पटेना. पिठाच्या गिरणीवर कमलाबाईनं दिगंबरच्या तोंडावरच विचारलं होतं, "पोट्टी पान्यात उड्या मारते म्हंते, याले नोकरी म्हंतेत का?" दिगंबर तेव्हा पिठाचा डबा उचलून घरी आला. पुढं तो लेकीच्या कॅम्पवर महिनाभर राहिला, या वयात वल्हं मारायला शिकला आणि परत आला तो वेगळाच होऊन. मला म्हणाला, "मी आयुष्यभर घाटात स्टेरिंग धरलं. पन तिले त्या पान्यात पाह्यलं ना, तं मले वाटलं आपन नुसती बैलगाडी हाकली."

गावामागच्या डोंगरातून खडकी नाला उतरतो. आठ महिने नुसते दगड, आणि भादव्यात असा उसळतो की काठावर बोललेलं ऐकू येत नाही. त्या नाल्यातून वैशालीनं गावादेखत बोट काढायची, हे दिगंबरनं मनाशी पक्कं केलं. त्यात काय पणाला लागलंय हे त्याला पूर्ण ठाऊक होतं. "एकाचाबी हातपाय मोडला," तो म्हणायचा, "तं पोरीले गाव जलमभर बोलन." म्हणून त्यानं तयारी सुरू केली ती भर वैशाखात, नाल्यात थेंब नसताना. हिमालयातल्या लोकांना नदीचा तळ पाहायला मिळत नाही, आपल्याला मिळतो, मग पाहायला काय जातं, हा त्याचा हिशेब. डोक्याला दुपट्टा, हातात चुन्याची बादली, आणि मागं पाण्याची बाटली घेऊन मी, कुरकुरत. कुठला दगड बोट अडवील, कुठं पाणी वळण घेईल, अडचणीत कुठून काठावर चढता येईल... सगळीकडे तो चुन्याच्या खुणा करत गेला. बारा फुटांचा एक कडा लागतो, तिथं त्यानं जाड आडवी रेघ मारली. इथं उतरायचं, बोट खांद्यावर घ्यायची आणि पायवाटेनं खाली जायचं, चर्चा नाही.

आठवड्यानं पुन्हा गेलो तर एकही खूण नव्हती. घासून घासून पुसलेली. दिगंबर मटकन दगडावर बसला. चौकशी केली तेव्हा कळलं, हा कमलाबाईच्या नवऱ्याचा, किसनचा पराक्रम. त्याचं शेत नाल्याच्या दोन्ही काठांना आहे. आम्ही तडक त्याच्या घरी गेलो.

"कायले पुसलं बे किसना?"

"मंग काय करू? सरकारी मानसं चुना मारून गेले, म्हंजे धरन होऊन राह्यलं. माहं वावर बुडू देऊ?"

दिगंबरनं त्याला खरं काय ते सांगितलं. किसन पोट धरून हसला, मग म्हणाला, "पन भाऊ, पेरनी झाल्यावर माही करंटची झटक्याची तार राह्यते ना नाल्यावरून. डुकरं तिथूनच वावरात घुसतेत." ती तार बरोबर मोठ्या वळणापलीकडे, बोटीत बसलेल्या माणसाच्या गळ्याच्या उंचीवर लागायची. वैशाखात ती नसतेच, त्यामुळे आम्ही दहा वेळा चाललो असतो तरी दिसली नसती. किसनचा गैरसमज झाला नसता तर... पुढचा विचार मला आजही करवत नाही.

दिगंबरनं कबूल केलं की आपलं चुकलं, आपण फक्त दगडांना विचारलं, माणसांना विचारलंच नाही. पेरणीनंतर तो काठावरच्या एकूण एक शेतकऱ्याकडे गेला. कुणी आडवी पडलेली बाभूळ दाखवली, कुणी भोवऱ्याची जागा. ज्यानं जे सांगितलं, ते काम त्याच्याच गळ्यात पडलं. बाभूळ तोडली गेली. किसननं तार काढायचं कबूल केलंच, वर दोर फेकायचंही अंगावर घेतलं आणि गोठ्यापुढच्या खुंटावर सराव करू लागला. मला शिट्टी मिळाली. एक वाजली की थांब, दोन वाजल्या की चल, आमची जुनीच भाषा. पुलाच्या खांबावर तांबड्या ऑइलपेंटची रेघ ओढली. पाणी रेघेच्या वर असेल तर बोट पाण्यात उतरणार नाही.

भादव्यात वैशाली सुट्टी काढून आली, सोबत कॅम्पवरचा एक सहकारी, तीन बोटी, हेल्मेट, जाकिटं. ठरल्या सकाळी दोन्ही काठ माणसांनी भरले होते. रस्त्यावर जीप तयार होती, कुणाला दवाखान्यात न्यावं लागलं तर. आणि पाणी रेघेच्या दोन बोटं वर होतं. दिगंबरनं रेघ पाहिली आणि म्हणाला, "नाई जायचं."

"बाबा, मी याच्याहून मोठ्या पाण्यात रोज उतरते," वैशाली म्हणाली.

"तुया नदीवर उतरत जाय. इथं माही रेघ हाय."

काठावरून कमलाबाई ओरडली, "ड्रायव्हरचे पाय लटपटले वं बाई!" लोक हसत पांगले. वैशाली दिवसभर त्याच्याशी बोलली नाही. मलाही राग आला होता. दोन बोटं पाणी ते काय! ते मी बोलून दाखवलं, तर तो शांतपणे म्हणाला, "गाडी फेल झाली तं प्याशिंजर शिव्या देतेत. पन सारे घरी जातेत ना?"

तिसऱ्या दिवशी रेघ चार बोटं उघडी पडली. वैशालीची सुट्टी त्याच दिवशी संपत होती. मी वळणावरच्या खडकावर उभा राहून दोन शिट्ट्या दिल्या आणि तिची बोट आली. काय सांगू... पाणी तिला अडवत नव्हतं, तीच पाण्याला वाट दाखवत होती! कड्यापाशी उतरली, बोट खांद्यावर, खाली जाऊन पुन्हा पाण्यात. मागून दिगंबर. मोठ्या वळणावर त्याची बोट फिरली, आडवी झाली आणि तो गेला पाण्यात. मी एक शिट्टी फुंकली, वरची सहकाऱ्याची तिसरी बोट जागच्या जागी थांबली, आणि किसननं फेकलेला दोर पहिल्याच फेकीत दिगंबरच्या छातीवर पडला. काठावर ओढला तेव्हा तो नाकातोंडातलं पाणी शिंकरत हसत होता. "पाह्यलं का बे? सारं बरोबर झालं!" बोट उलटल्याचा असा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. थोडा दम खाऊन तो पुन्हा बोटीत बसला आणि तिन्ही बोटी खाली अडाण नदीला लागल्या. माणसं काठाकाठानं धावत आली होती. कमलाबाई धापा टाकत वैशालीपुढं उभी राहिली आणि म्हणाली, "बाप्पा! तू तं बापापरीस भारी चालवते वं!" दिगंबरला आयुष्यात याहून मोठं बक्षीस मिळालं नसेल.

हे सगळं गेल्या भादव्यातलं. माघात तो गेला. तेरवीनंतर वैशाली अंगणात कपडे वाळत घालत होती, तर कमलाबाई सुनेला घेऊन आली. "हिले माहेरच्या विहिरीत पोहनं शिकवलं हाय. येत्या भादव्यात हिलेबी बोटीत घे." वैशाली हातातला ओला टॉवेल तसाच तोंडाला लावून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "घेते. पन पह्यले उनात सारा नाला पायी चालायचा."

परवा ती पायपीट झाली. वैशाली, कमलाबाई, तिची सून आणि तीन-चार बाया. मलाही घराबाहेर काढलं. चाळीस वर्षं या नाल्यात धुणं धुतलेली कमलाबाई पुढं चालत होती. भादव्यात पाणी कुठवर येतं, ते कुठं गुडघ्याला तर कुठं छातीला हात लावून दाखवत होती, आणि वैशाली ते लिहून घेत होती. घाई करणाऱ्या सुनेवर बाई खेकसली, "थांब वं! सारं पाह्यल्याबिगर म्होरं जायचं नाई." मला एकदम भरून आलं आणि हसूही आलं. ही बाई त्या काळी दिगंबरच्या गाडीवर असती, तर त्यानं मला पहिल्याच स्टॉपवर उतरवून दिलं असतं.