हेमाताईंनी विकलेली लाल गाडी

गाडी बघायला गिऱ्हाईक आलं की हेमाताई आधी तिचं दुखणं दाखवायच्या. हॉर्न अडकतो, डाव्या दारातून पाणी झिरपतं, मागची सीट मुलांनी फाडलीय. सगळं सांगून झालं की मग भाव. त्या सातपाटीच्या. बोईसरच्या बाजारात मासळी विकता विकता त्यांनी टेम्पो घेतला. तो विकताना चांगला भाव आला, म्हणून दुसरा घेऊन विकला, आणि असं करत करत पालघर-मनोर रस्त्यावर जुन्या गाड्यांचं दुकान उभं राहिलं. सवय मात्र बाजारातलीच राहिली. "पापलेट घेणारी बाई आधी कल्ला उचलून बघते," त्या म्हणायच्या. "तिनं उचलायच्या आधी आपणच उचलायचा. मग भावावर कुणी भांडत नाय."

तारापूरची नोकरी सुटल्यावर मी त्यांच्याकडे लागलो. मी मुळात कमी बोलणारा. "सुधाकर, तुझ्या तोंडातून शब्द काढायचा म्हंजे कालवं फोडायचं काम हाय," असं त्या चारचौघांत म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या.

बोईसरचा एक कारखानदार मुलीकडे परदेशात कायमचा निघाला. त्यानं आपली इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कार हेमाताईंकडे विकायला दिली. दोन दारांची, लालभडक, जमिनीला टेकल्यासारखी. तोवर आमच्याकडे छोट्या गाड्या आणि टेम्पोच यायचे. "ही नीट विकली तर असल्या गाड्या येत राहतील," हेमाताई म्हणाल्या. "नाय विकली तर लोक म्हणतील, मासळीवालीला झेपलं नाय." आणि गाडी आणायला त्यांनी मला पाठवलं.

आवाज नाही, गिअर नाही. पाय ठेवला की पाठ सीटला चिकटते. पन्नाशीतला मी एकटाच हसत सुटलो होतो. सरावलीचा गतिरोधक दिसला तेव्हा उशीर झाला होता. पोटाखाली खाड्‌कन आवाज झाला. कडेला थांबून वाकून पाहिलं, तर बॅटरीच्या खालच्या पत्र्याला तळहाताएवढा पोचा. गाडी चालत होती. मी दुकानात जाऊन चावी दिली आणि गप्प बसलो.

पुढचे दिवस दुकानाचं लग्नघर झालं होतं. कोण काचा पुसतंय, कोण सीटचं चामडं चोळतंय. ब्रेकच्या तबकड्यांवर गंज दिसला. या गाडीत पाय उचलला की ती आपोआप मंदावते, ब्रेक फारसे लागतच नाहीत, मग खारी हवा आपलं काम करते. हेमाताईंनी नखानं खरवडून पाहिलं. "बोटीच्या साखळीला धरतो तोच हा. गिऱ्हाइकाला हे पण दाखवायचं." बॅटरी पूर्ण भरून आम्ही हायवेला निघालो, एका चार्जिंगमध्ये किती जाते ते बघायला. हेमाताई शेजारी, पदर कमरेला खोचलेला. मी जोर दिला तशा त्या किंचाळल्या, "आई गं! अरे, मेले!" आणि लगेच, "परत एकदा कर!"

भाव कशावरून लावायचा हा प्रश्न होता. जिल्ह्यात तशी दुसरी गाडी आम्हाला माहीत नव्हती. "नवी कितीला मिळते ते धर," त्या म्हणाल्या. "बॅटरी थकली तेवढं वजा, टायर झिजले तेवढं वजा. आणि हौशी माणूस किती लांबून येईल, ते त्यात घाल." आकडा बेचाळीस लाखांवर येऊन थांबला. "आता खालून बघू. जॅक लाव."

"हिला आपला जॅक चालत नाही," मी म्हणालो. "चुकीच्या जागी लागला तर बॅटरी चेपेल."

हे खरं होतं. म्हणूनच त्याच्याआड लपणं सोपं गेलं.

वसईहून एक डॉक्टरबाई आल्या. गाडी पाहून त्यांना हसू आवरेना. हेमाताईंनी गंज दाखवला, टायर दाखवले, बॅटरीचं सांगितलं. मग म्हणाल्या, "खालून मातर आमी बघितली नाय. सुधाकर नको म्हणाला. त्याला हिच्यातलं कळतं. त्याचा शब्द तो माझा शब्द."

ते मला ऐकवेना. "खाली पोचा आहे," मी म्हणालो. "मीच आपटली, सरावलीला. म्हणून जॅक लावू दिला नाही."

हेमाताई माझ्याकडे बघतच राहिल्या. "आणि इतके दिस माझ्या बाजूला बसून हसत होतास?"

"हो."

"मेल्या, सडका मासा असतास तर वासानं तरी कळलं असतं!"

डॉक्टरबाई हसल्या, पण हातात घेतलेली चावी त्यांनी परत केली. हेमाताई म्हणाल्या, "मॅडम, आज भाव नाय. हिला उचलायची सोय असलेल्या वर्कशॉपात तपासू. खर्च आमचा. मग काय ते ठरवा." वर्कशॉपात गाडी वर उचलल्यावर हेमाताईंनी स्वतः खाली वाकून पोच्यावर हात फिरवला. पत्रा चेपला होता, तो बदलावा लागणार होता. आतली बॅटरी शाबूत होती.

डॉक्टरबाई पुन्हा आल्या. आमच्या दुकानात हेमाताईंशिवाय कुणी कधी भाव सांगितला नव्हता. पण आज हेमाताई खुर्ची ओढून बसल्या आणि मला म्हणाल्या, "सुधाकर, पोचा तुझा. भाव पण तूच सांग."

मी पत्र्याचं सगळं सांगितलं. मग खर्च वजा करून आकडा सांगितला, पुटपुटल्यासारखा.

"मोठ्यानं," हेमाताई म्हणाल्या.

मी पुन्हा सांगितला. डॉक्टरबाईंनी "घेतली" म्हणत हेमाताईंपुढे हात केला. हेमाताईंनी तो मनगटाला धरून माझ्याकडे वळवला.