पुढून दोन इंच वर: उल्हासनगर ते चामटोलीचा माळ

जीप पुढून उंच करायचं खरं तर माझ्या पारूआत्यानं ठरवलं. तिला ते माहीत नव्हतं, इतकंच.

आत्या चामटोलीला असते. वय अठ्ठ्याहत्तर, खुब्याचं हाड मोडल्यापासून दोन वर्षं वॉकरवर. गावामागच्या माळावर तिचं शेत आहे, त्याला गिऱ्हाईक आलं होतं. तिचा मुलगा सुधाकरदादा कागद घेऊन मागे लागलेला. आत्याचं एकच, "मना ते एकदा डोल्यांनी बगाचाय. न बगता सही करनार नाय."

माळाच्या वाटेवर एक ओहोळ आडवा येतो, नुसता धोंड्यांचा. ट्रॅक्टरचे हादरे तिला सोसत नाहीत. माझ्याकडे बावीस वर्षं जुनी फोर बाय फोर जीप आहे. आधी एकटीच वाट बघायला गेले, तर ओहोळातच गाडीचं नाक धोंड्यावर घासलं आणि निमूट मागे फिरावं लागलं.

मी अंबरनाथला एका कारखान्यात क्वालिटी बघते. मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. बदलापुरात कात्रपला घरी येऊन टेप लावली. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजलं, चारही बाजूंनी. पुढची बाजू चांगलीच खाली होती. गाडीचा भार पेलणारे लोखंडी पाटे वयानं बसले होते. तुम्हीही हे काम काढणार असाल तर आधी हा आकडा लिहून ठेवा, नाहीतर नंतर किती उचललं ते फक्त मेकॅनिकच्या तोंडून कळतं.

शनिवारी सकाळी उल्हासनगर गाठलं. कोपऱ्यावरच्या हातगाडीवर दाल पकवान खाल्लं (गरम असतानाच खा, पकवानाची कडक पुरी थंड झाली की पुठ्ठा) आणि नंदूभाईंच्या गॅरेजात गेले. नंदूभाई सिंधी, साठीचे, आयुष्य पाट्यांत गेलेलं.

"तीन इंच उचला," मी म्हटलं.

"दीदी, तीन बोलू नका. दो इंच बस," ते म्हणाले. "जास्त उचलला तर स्टिअरिंग हातात नाचेल. तुम्हाला गाडी चालवायची आहे की फोटो काढायचा आहे?"

मी दोनवर आले. त्यांनी जुने पाटे उतरवले, नवे घातले, जोडीला एक पाटा वाढवला, लांब बोल्ट आणि लांब शॉकअब्सॉर्बर बसवले. सगळं झाल्यावर मी जॅकवर गाडी उचलायला लावली आणि चाक मोकळं लोंबकळू दिलं. ब्रेकचा रबरी पाईप तारेसारखा ताणला गेला.

"हा खड्ड्यात तुटेल, नंदूभाई."

ते वाकले, बोट लावून बघितलं. "बरोबर बोलतेस, बेटा." लांब पाईप मागवेपर्यंत दुपार झाली. सगळा खर्च मिळून एका बऱ्यापैकी फोनइतका आला.

परतताना अंबरनाथला चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं. स्टिअरिंग किंचित जड, पण सरळ. बदलापूरपर्यंतचे सगळे स्पीडब्रेकर मी राणीच्या थाटात ओलांडले.

रविवारी आठला चामटोलीत. आत्या इस्त्रीची साडी नेसून ओट्यावर तयार. मी दार उघडलं, ती वॉकर टेकत खाली उतरून जवळ आली, आणि थांबली. पायरी तिच्या गुडघ्याच्याही वर होती. स्टूल आणलं. खुब्यातून पाय उचलेना. दादा म्हणाला, "राहू दे आई, मी व्हिडिओ काढून दाखवतो." आत्यानं पदरानं तोंड पुसलं.

मला रडू यायचं बाकी होतं. दोन दिवस इंच मोजत होते, आत्याचा पाय मोजायचं सुचलं नाही! मग ओट्याकडे नजर गेली. आत्याला परत वर नेलं, जीप वळवून ओट्यालगत लावली, दार उघडलं. फळी टाकली. आत्या चार पावलं आडवी चालत आत आली आणि सीटवर बसली. दादा हसायलाच लागला आणि वॉकर घेऊन मागे बसला.

ओहोळात लो गिअर लावला, गाडी स्वतःच्या चालीनं उतरू दिली. मागच्या वेळचा तो धोंडा नाकाखालून गेला, टेकलाही नाही. मी मोठ्यानं ओरडले, आत्या दचकली.

शेताच्या बांधाला गाडी लावून तीच फळी टाकली. शेजाऱ्यानं तिथे वाल पेरला होता. आत्या वॉकर टेकत बांधावरून टोकापर्यंत गेली, एक शेंग सोलून दाणे खाल्ले, सगळं शेत नजरेखालून घातलं. मग दादाला म्हणाली, "वीक."

दादाच गडबडला. "नक्की ना, आई?"

"मना वाटला व्हता, बगितल्यावर सुटनार नाय. पन सुटला."

दुपारी तिच्याकडे तांदळाची भाकरी आणि सुकट जेवून मी कात्रपला आले. (शंभरेक किलोमीटर झाल्यावर पाट्यांचे बोल्ट पुन्हा आवळून घ्या, विसरू नका.) गाडी धुताना जरा हिरमुसले होते. एवढा खटाटोप शेत वाचावं म्हणून, असं मी मनातल्या मनात धरून बसले होते. आत्यानं ते कधी मागितलंच नव्हतं. तिला स्वतः बघून ठरवायचं होतं, आणि ते तिनं केलं. दोन इंचांनी एवढं झालं, तर मला आणखी काय हवं?

चार दिवसांनी तिचाच फोन आला. सही झाली होती.

"रैवारी मना वांगनीला भयनीकडं ने," ती म्हणाली.

"आत्या, तिकडे चांगला रस्ता आहे. दादाची कार नेईल की."

"नको. तुजी गाडी आन. वरून लोकांच्या आंगनातला समदा दिसतं."