झाडाचा एसी

माझे बाबा अमिरातीतल्या फुजैराच्या तेल टर्मिनलमध्ये इंजिनिअर होते. इंजिनिअर माणसाला ‘हे इथे होत नाही’ म्हणणं म्हणजे त्याला चावी देणं. जर्दाळू इथल्या उन्हात धरत नाही, असं ऑफिसात कुणीतरी म्हणालं. झालं. आमच्या कंपनी-व्हिलाच्या मागच्या अंगणात कलम हजर.

कलम जगलं, वाढलं, पण फुलायचं नाव घेईना. जर्दाळूला फुलायला कडाक्याची थंडी लागते हे बाबांना झाड लावून झाल्यावर कळलं. फुजैराची थंडी म्हणजे सकाळी घातलेला हाफ स्वेटर शाळा सुटेपर्यंत दप्तरात. मग बाबांनी बेडरूमचा विंडो एसी काढला आणि उलटा बसवला. थंड तोंड झाडाकडे, गरम बूड आमच्याकडे. झाडाभोवती ताडपत्रीचा तंबू. वीजबिल कंपनी भरत असल्यामुळे विज्ञानाला मर्यादा नव्हती. एसीचं पाणी पलंगाच्या पायथ्याशी ठिबकायचं, तिथे आईने कणकेची परात ठेवली.

“अहो, लोक घरात गारवा यावा म्हणून एसी लावतात.”

“मग गारवा आहेच की. बाहेर जाऊन बस.”

आणि चीड आणणारी गोष्ट ही, की झाड फुललं. पांढरी-गुलाबी फुलं, मग सुपारीएवढी हिरवी फळं. आमच्या घरात इतकी काळजी दुसऱ्या कुणाचीही घेतली गेली नाही. पुढच्याच वर्षी मी दहावीच्या बोर्डाला बसले, तेव्हाही नाही.

शुक्रवारी साइटवरच्या कोकणी मंडळींना जेवायला बोलवायची बाबांची पद्धत होती. चांगलीच पद्धत. आठवड्यातून एकदा वरण-भात वाढला, की उरलेले दिवस कामगारांच्या कॅम्पकडे बघावं लागत नाही. एप्रिल संपत आला होता, हवा तापली होती, आणि फळं गळू नयेत म्हणून झाडाचा एसी अजून चालूच होता. त्या शुक्रवारी जेवण झाल्यावर बाबांनी मंडळींना तंबू दाखवला.

“साहेब, पुढचा जन्म जर्दाळूचाच मागून घेतो,” लांज्याचे फिटर काका म्हणाले. सगळे हसले. मग काकांनी आवाज खाली आणला. “आमच्या खोलीतला एसी केव्हाचा बंद आहे. झोपच नाही. काल एक जण उंच परांचीवर चक्कर येऊन लोंबकळला. कमरेला पट्टा होता म्हणून वाचला.”

“कॅम्प बॉस काय म्हणतो?”

“काय म्हणणार? इन्शाल्ला.” काकांनी तंबूकडे बोट केलं. “तेवढा हा द्याल का?”

“देतो की! फळं पिकू देत. मग खलास, घेऊन जा.”

मंडळी गेल्यावर बाबा म्हणाले, “कोकणातल्या माणसाला उकाडा काय नवा आहे?” बाबा स्वतः साताऱ्याचे. उकाड्याचे हक्क जिल्ह्यावार वाटलेत, ही माहिती मला नवीन होती.

“दॅट्स नॉट फेअर, बाबा! दे आर पीपल!”

“तू अभ्यास कर.”

आज मी असल्या गोष्टींवर पत्रकं काढते. तेव्हा फक्त दार आपटता यायचं. ते मी आपटलं.

आईने दार आपटलं नाही. दुसऱ्या दिवशी बाबा ड्युटीवर गेल्यावर तिने स्टूल घेतलं, ताडपत्री वर सारली आणि एकूण एक हिरवं फळ तोडलं.

“आई, कच्ची आहेत गं!”

“मेथांबा पिकल्या कैरीचा करतात का? बादली नीट धर.”

फळं वाफवून तिने बिया काढल्या. मोहरी-मेथ्यांची फोडणी, तिखट, बर दुबईच्या बाजारातून आणलेला गूळ. घरभर आंबट-गोड वास सुटला. संध्याकाळी बाबा आधी अंगणात गेले, मग ओट्याशी आले.

“पिकायच्या आधीच? एवढी वर्षं...” एक पिकलेलं जर्दाळू त्यांना चाखायचं होतं, एवढंच.

“एसी काय आता पानांना लावायचाय?” आईने बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधला. “पिकअप मागवा.”

बाबांनी पाना शोधला. एसी काढला, पिकअपमध्ये चढवला आणि बसवून द्यायला स्वतः कॅम्पवर गेले, कारण दुसऱ्या कुणाला तो सरळ बसवता येईल यावर त्यांचा विश्वास नव्हता. उलटा बसवण्याचा अनुभव त्यांचाच होता, हे मी बोलून दाखवलं नाही. मीही माणूस आहे.

परत आले तेव्हा शर्ट पिळून काढावा असा भिजला होता. आईने पोळी आणि मेथांबा वाढला.

“त्या रांगेतल्या सगळ्याच खोल्यांचे एसी बंद आहेत,” ते म्हणाले.

“सगळ्या?”

“सगळ्या. कुणी बोललंच नाही.”

त्यांनी मेथांब्याचं बोट चाटलं, आणखी वाढ म्हणून वाटी पुढे केली. मग हॉलमधल्या एसीकडे मान वळवून त्याचे स्क्रू कुठे आहेत ते बघू लागले.

आई म्हणाली, “आधी जेवा. आणि तो काढायच्या आधी पंख्यात तेल घाला.”