टॉकीजच्या मागे

मागच्या महिन्यात एका दुपारी सोलापुरात, आमच्या भवानी पेठेतल्या गल्लीत ॲम्ब्युलन्स आली. ती आली कशी, हे लिहून ठेवावंसं वाटतं.

शेजारी मल्लिनाथकाका राहतात. चादरींचं दुकान मुलाच्या हाती दिल्यापासून रोज संध्याकाळी दारात लोखंडी खुर्ची टाकून बसतात. मी शाळेत शिकवून आले की आमचा वाद ठरलेला... कारभार कुणी करावा, गावानं की वरच्या सरकारनं.

काका गावाच्या बाजूचे. "आपल्या नळाला पाणी कधी येतं ते मुंबईला ठाऊक हाय व्हय? सोलापूरचं सोलापूरला करू द्या की." मी म्हणायची, गावात काम ओळखीनं होतं. लांबच्या माणसाला आपण कोण ते ठाऊक नसतं, म्हणून तो सगळ्यांना सारखं वागवतो. त्यावर काकांचं उत्तर एकच. "तू पुण्यात शिकलीस, तुला तसंच वाटणार."

त्या दुपारी शाळेला सुट्टी होती. काकू अनवाणी धावत आल्या. "अय्यो, ह्यांना बघ की गं..." काका भिंतीपाशी बसले होते. अंगावरची बंडी घामानं भिजली होती, हात छातीवर. मुलगा दुकानाच्या कामानं करमाळ्याला गेलेला.

मी सरकारी ॲम्ब्युलन्सचा नंबर फिरवला. एका मुलीनं उचलला. काय होतंय, वय किती, शुद्धीवर आहेत का... सगळं नीट विचारलं. मग पत्ता विचारला.

मी म्हटलं, "भवानी पेठ, टॉकीजच्या मागे."

तिनं टॉकीजचं नाव विचारलं, मी सांगितलं. नकाशात सापडेना. मग आठवलं... टॉकीज पाडून कितीतरी वर्षं झाली. तिथं आता पत्रे ठोकलेली मोकळी जागा आहे. आम्ही मात्र अजून लग्नपत्रिकेतसुद्धा 'टॉकीजच्या मागे' असंच छापतो.

"गल्लीचं नाव काय, ताई?"

मला आठवेना. काकूंनाही. जन्म इथंच गेला, पण नाव लागलंच नाही कधी. एक पाटी होती म्हणे, कुठल्यातरी रंगकामात गेली. कुणाला तिची गरज पडली नाही. काका बसल्या जागेवरून पुटपुटले, "टॉकीज म्हण की. सगळ्यांना कळतंय."

त्या मुलीचा आवाज चढला नाही. ती म्हणाली, "ताई, गाडी भवानी पेठेकडे निघालीय. ड्रायव्हरला टॉकीज दिसणार नाही, माणूस दिसेल. मोठ्या रस्त्यापासून घरापर्यंत प्रत्येक वळणावर कुणालातरी उभं करा. फोन ठेवू नका."

मी दारात जाऊन ओरडले. समोरच्या रफिकभाईंनी शिलाई मशीन तसंच सोडलं. "मैं नाके पे ठैरतुं, तुम काका को देखो." पलीकडच्या पद्मावहिनी विड्या वळायचं सूप बाजूला ठेवून उठल्या आणि मधल्या वळणावर गेल्या, हातात लाल ओढणी. त्यांच्या मागून आणखी दोघी-तिघी.

फोन स्पीकरवर होता. ती मुलगी सांगत होती... भिंतीला टेकून बसू द्या, कपडे सैल करा, चालू देऊ नका. तेवढ्यात काका उठायला लागले. लोक येणार, अंगात सदरा नाही.

"आजोबा, हलायचं नाही," फोनमधून आवाज आला.

काका थबकले. "कोण गं तू?"

"कंट्रोल रूममधून बोलतेय."

"कुटली?"

"पुण्याची."

काका श्वास घेत घेत म्हणाले, "पुण्यात बसून मला हितं बसवतीय..." पण बसले.

ॲम्ब्युलन्स आली. ड्रायव्हर मंगळवेढ्याचा, ही पेठ त्यानं पाहिलेली नव्हती. काकांना आत घेताना म्हणाला, "वळलं की हात, वळलं की हात. इचारायची येळच आली न्हाय."

सिव्हिलमधल्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं, उशीर झाला असता तर कठीण होतं. तोवर तो फोन कधी बंद झाला, मला कळलंही नव्हतं. त्या मुलीचं नाव विचारायचं राहून गेलं.

काका घरी आले. चार पावलं चालायची परवानगी मिळाली तशी दारात खुर्ची पुन्हा आली. मी जरा ऐटीतच जाऊन बसले. या वेळी वाद मीच जिंकणार होते.

काका म्हणाले, "पोरगी लई चांगली. पण गाडी दारात कुणी आणली? रफिकनं."

"आणि रफिकभाईंना नाक्यावर कुणी उभं केलं?"

काकांनी खुर्चीतूनच नाक्याकडे मान वळवली. मग म्हणाले, "तिला टॉकीज ठाऊक न्हवती. आणि आपल्याला तेवढीच ठाऊक हुती."

त्यानंतर आम्ही वाद घातलेला नाही. मला दोन्हीकडचं कौतुक वाटत राहिलं. न पाहिलेल्या गल्लीत कधी न भेटलेल्या माणसांवर भरवसा ठेवणाऱ्या त्या मुलीचं... आणि का, कशाला न विचारता हातातलं काम टाकून उन्हात उभ्या राहिलेल्या माझ्या गल्लीचं. दोघांचे आभार एकाच वाक्यात मानता येतील असं वाक्य अजून सापडलेलं नाही.

काका मात्र मुलाला महापालिकेच्या झोन ऑफिसात पाठवत राहिले. परवा पाटी आली. रफिकभाईंच्या दुकानाच्या भिंतीवर लागली, गल्लीचं कागदावरचं नाव आम्ही सगळ्यांनी पहिल्यांदाच वाचलं. मग काकांनी एका पेंटरला बोलावून तिच्याखाली आणखी एक ओळ लिहून घेतली, 'टॉकीजच्या मागे'.

पेंटर ब्रश बुडवत होता तेव्हा खुर्चीतून आवाज आला, "अक्षर मोठं काढ रे. पुण्याहून दिसलं पायजे."