सहा घरांतला सेट

डब्लिनमध्ये आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू पाणी पिण्याआधी भरलेला ग्लास खिडकीकडे धरून त्यातून बाहेर बघतात. फिनलंडचे ग्लास आहेत ते. निळसर, जाड काचेचे, आणि पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी अंगभर वलयं. इथेच वाढलेल्या लेकीने सहाचा सेट आणून दिला होता. काकू त्यातच ताक पितात आणि त्यातच मेथ्याही भिजत घालतात.

अगदी असाच ग्लास मी एका म्युझियममध्ये पाहिला होता, कपाटात, दिव्याखाली ठेवलेला. काकूंना सांगितलं तर हळहळल्या. "अगंबाई, म्हणजे त्यातून कोणी पाणीच पीत नाही? बिचारा गं, बिचारा." वाक्याचं शेपूट पुन्हा म्हणायची त्यांना सवयच आहे.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी आम्हा पाचजणींना वाण दिलं ते त्यातलेच ग्लास, तिळगूळ भरून. एक स्वतःला ठेवला. लेक कळवळली, "आई, दॅट वॉज अ सेट!"

"सेटच आहे की. फक्त सहा घरांत मांडलाय, सहा घरांत."

परवा त्या आमच्याकडे आल्या. मी त्याच ग्लासात पाणी दिलं खरं, पण डिशवॉशरमध्ये धुऊन धुऊन तो पार धुरकट झाला होता. मी ओशाळले. काकूंनी नेहमीसारखा तो खिडकीकडे धरला. बाहेरचं झाड काही धड दिसेना.

"वापरतेस हं, वापरतेस," म्हणाल्या, आणि सगळं पाणी घटाघटा प्यायल्या.