दुसऱ्या रिंगखालचं धान

आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल कोर्टाला रिंगा दोन होत्या, पण दिवाळीनंतर खेळायला एकच मिळायची. दुसरीच्या खाली धान वाळत असायचं. ते धान आमच्याच घरचं होतं, म्हणून त्याबद्दल मी कोणाला तोंड उघडू द्यायची नाही.

बाबा त्याच कॉलेजात चपराशी. कॉलेजच्या मागेच आमची दोन एकर शेती. अंगण मातीचं, तिथं धान टाकलं की त्यात खडे येतात, आणि तुमसरचा राइस मिलवाला दाणा दाताखाली फोडून पाहिल्याशिवाय भावाचं बोलत नाही. सिमेंटचं कोर्ट म्हणजे आयतीच सोय. त्यासाठी बाबा दरवर्षी प्राचार्यांसमोर हात जोडून उभे राहायचे. ते जोडलेले हात मी एकदा ऑफिसच्या दारातून पाहिले. तेव्हापासून धानाचा विषय निघाला की माझं डोकंच फिरायचं. एकदा टीममधली एक जण हसत म्हणाली, "कॅप्टनच्या घरचं खळं आहे बाप्पा, आपण कोण बोलणार?" मी तिच्याशी चार दिवस बोलले नाही.

मी शेवटच्या वर्षाला होते. टीममध्ये आम्ही आठ जणी, आणि तीन वर्षांत एक मॅच जिंकलो असू तर शपथ. सत्र सुरू होतानाच प्राचार्यांनी आम्हाला बोलावून सांगितलं, "यंदा इंटर-कॉलेजची पहिली मॅच तरी काढा. नाहीतर पुढच्या वर्षीपासून मुलींची टीम बंद. खो-खोच्या मुली निदान कप घेऊन येतात."

माझं काय, मी तर निघूनच जाणार होते. पण फर्स्ट इयरला एक पोट्टी आली होती. कारध्याहून सायकलनं पूल ओलांडून सहाच्या ठोक्याला कोर्टावर हजर. तिचा हात असा होता की मी तीन वर्षं घाम गाळून जे शिकले ते तिला येतच होतं. प्राचार्यांच्या खोलीतून बाहेर पडताना तिनं माझी बाही धरली. "ताई, टीम बंद झाली तं मी कुठं खेळू? आमच्या गावात व्हॉलीबॉलची जाळीबी पोट्ट्यायचीच आहे."

"काही बंद होत नाही," मी म्हणाले.  

एका रिंगवर प्रॅक्टिस करायची म्हणजे काय, तर दोन्ही बाजू तिथंच बॉल टाकणार. रिंगला लागून बॉल परत आला की जिच्या हातात पडेल तिनं पुन्हा वर टाकायचा. रोज सकाळी शंभर वेळा तेच. हाताला तेवढंच कळायला लागलं.

नोव्हेंबरात आम्ही जवाहरनगरला गेलो, फॅक्टरीच्या क्वार्टरमधल्या मुलींसोबत एक फ्रेंडली खेळायला. तिथं त्या फर्स्ट इयरवालीनं आपल्याच रिंगखाली बॉल पकडला, आणि समोरच्या बाजूला न्यायचा सोडून तिथंच वर टाकला. बॉल आत. दोन पॉइंट त्यांना.

मी सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडले. "डोळे फुटले काय तुझे? कोणाकडून खेळून राहिली तू?"

तिनं मान खाली घातली. "ताई, आपल्याकडं एकच रिंग आहे ना. हात तिकडंच जाते."

मला ते आधीच कळलं होतं. म्हणूनच तर एवढी चिडले.

परतताना बसमध्ये आमच्या खेळाच्या सरांनी मला बाजूला बसवलं. "बाबांशी बोल. पंधरा दिवस कोर्ट मोकळं करा म्हणावं. मी सांगितलं तर त्यांना वाईट वाटेल, तू सांग."

"हो सर," मी म्हणाले.

घरी बाबा जेवत होते. मागच्या वर्षी अवकाळी पावसात निम्म्या धानाला कोंब फुटले होते, तेव्हापासून ते ढग दिसला तरी ताटावरून उठायचे. त्यांना काय सांगू, की तुमच्या धानापायी माझ्या पोरी हरतील? मग ते प्राचार्यांकडे जाणार, पुन्हा हात जोडणार. मी भाजी वाढली. दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं, "बाबा म्हणाले, आठ दिवस थांबा."

आठ दिवसांनी सरांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा आठ दिवस मागितले. बाबांच्या कानावर यातलं काहीच नव्हतं. सर आणि बाबा व्हरांड्यात बोलताना दिसले की मी काहीतरी निमित्त काढून मध्ये जायची.

ती पहिली मॅच तुमसरला होती, गोंदियाच्या टीमसोबत. आम्ही हरणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. पण त्या दिवशी आम्ही खेळलो, खरंच खेळलो. कारध्याच्या पोट्टीचा प्रत्येक बॉल आत जात होता. शेवटचं मिनिट लागलं तेव्हा आम्ही एका पॉइंटनं पुढे होतो. सर बाहेरून ओरडत होते, "बॉल सांभाळा, फक्त सांभाळा!"

त्यांच्या मुलीनं आमच्या रिंगवर बॉल टाकला, तो कडेला लागून परत आला आणि थेट माझ्या हातात. मी उडी मारली आणि तिथंच वर टाकला.

इतका सुंदर बॉल मी अख्ख्या वर्षात टाकला नव्हता. रिंगला स्पर्शही न होता आत गेला. गोंदियाच्या मुली आधी बावचळल्या, मग नाचायला लागल्या. शिट्टी कधी वाजली ते मला आठवत नाही. आम्ही एका पॉइंटनं हरलो.

परतीच्या बसमध्ये ती पोट्टी माझ्या शेजारी येऊन बसली. ओरडली असती, टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. तिनं आपली पाण्याची बाटली माझ्या मांडीवर ठेवली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

दुसऱ्या दिवशी सरांना आणि मला प्राचार्यांच्या खोलीत बोलावलं. बाबा चहा घेऊन आत आले, तेव्हा प्राचार्य म्हणत होते, "म्हणजे ठरलं तसं. टीम बंद."

सर माझ्यासाठीच बोलायला गेले. "साहेब, या मुलीचा दोष नाही. दोन्ही रिंगांवर प्रॅक्टिस झाली असती तर हे झालंच नसतं. मी हिच्या बाबांना दोनदा निरोप पाठवला, यांनी दोन्ही वेळा आठ-आठ दिवस मागितले."

बाबांच्या हातात ट्रे होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"हो साहेब," बाबा म्हणाले. "चुकलंच माझं."

आणि त्यांनी प्राचार्यांसमोर कप ठेवला, मग सरांसमोर. मी तेव्हा बोलायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं, आणि माझं तोंड उघडलं नाही. याची लाज मला आजही वाटते.

दुपारी कोर्टावर गेले तर बाबा धान ओढून पोत्यात भरत होते. शेवटच्या खेपेचं होतं, अजून नीट वाळलंही नव्हतं.

"बाबा, राहू द्या ना आता. टीम तं बंद झाली."

"झाली तं झाली." त्यांनी पोत्याचं तोंड माझ्या हातात दिलं. "पण मले काहून नाही सांगितलं, बेटा? एका सकाळी उचललं असतं मी."

मी पोतं धरून उभी राहिले. रडू आलं, तरी पोतं सोडलं नाही.

पुढच्या वर्षी बाबा परवानगी मागायला गेलेच नाहीत. दिवाळीनंतरही कोर्ट दोन्ही बाजूंनी रिकामं होतं, आणि तिथं खेळायला कोणी नव्हतं. आम्ही दोघं अंगणात बसून धानातले खडे वेचत होतो.