मांडवाकडे बघत बसलेला पाहुणा

त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. माझ्या मुलीनं ठरवलं होतं, लग्नात परगावचं किंवा नंतर फेकून द्यावं लागेल असं काही नको. म्हणून आहेराला सोलापुरी चादरी, जेवायला पळसाच्या पत्रावळी आणि सोलापूरच्या भवानी पेठेत आमच्या दारात कडब्याचा मांडव. लग्न लागल्यावर तो कडबा ह्या म्हशीवाल्याला द्यायचं तिनं कबूल केलं होतं.

तो सकाळीच येऊन पहिल्या रांगेत बसला. नवरानवरीकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही, मान वर करून मांडवच बघत होता. वरपक्षाला वाटलं, आमच्यातले कोणी वडीलधारे असावेत. त्यांनी मानानं टोपी-टॉवेल दिला. त्यानं टोपी घालून व्याह्यांनाच विचारलं, "अजून किती मंगलाष्टका हायेत? म्हस वरडत असंल."

पाठवणीची वेळ आली. मुलीसमोर मी कधी रडलेलो नाही, आणि आज रडू आवरणार नाही हे मला ठाऊक होतं. म्हणून मांडवामागं जाऊन मी त्याच्याबरोबर पेंढ्या सोडू लागलो.

"पावनं, पोरगी कवाधरनं हाका मारतीया," तो म्हणाला. "कडबा काय पळून चाललाय व्हय?"

"एवढी एक पेंढी सोडतो."

त्यानं ती माझ्या हातातून काढून घेतली. "तुमी जावा की."

मिशीत कडबा घेऊन मी तिच्यापुढं उभा राहिलो.

"बाबा, कुठं होता?"

कामात होतो, हे माझं नेहमीचं उत्तर. ते ओठांवर आलंही होतं.

"लपलो होतो," मी रडत म्हणालो.

"माझ्या कडब्यात," त्यानं मागून सांगितलं.